पाच वर्षं आजारी पडायचं नाही

तुम्ही अचानक गेलात, असं तुमचा भाऊ अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो आहे. "दादा ठणठणीत होता. रोज चालत होता. कसं झालं, कोणाले समजलंच नाई." मी समोर असले की हे सांगताना विलासभाऊ माझ्याकडं पाहत नाहीत. मी कप उचलते आणि आत जाते. थांबले तर तोंडातून जे निघेल, ते ऐकायला लोक आलेले नसतात.

म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्ही अचानक गेला नाहीत. कितीतरी महिने तुम्ही जात होता, माझ्या डोळ्यांदेखत. आणि मी ते बोलून दाखवलं तेव्हा तुम्ही मला खोटं पाडलंत.

गेलेल्या माणसाला बोल लावू नये म्हणतात. तुम्ही होता तोवरही लावू दिला नाहीत. मग कधी लावायचा?

नियोजन हा तुमचा आवडता शब्द. पाटबंधारे खात्यात जन्म गेला, त्यामुळे घरातल्या पाण्याच्या टाकीपासून आपल्या प्रशांतच्या शिक्षणापर्यंत सगळं तुम्ही कालव्यासारखं आखलंत. उतार किती, पाणी कुठं पोचेल, कुठं मुरेल. समुद्रपूरच्या या गल्लीत मेश्राम साहेबांना विचारल्याशिवाय कुणी घराचा पाया खणला नाही. पोराला अमेरिकेत जाऊन बरीच वर्षं झाली, तो तिथला नागरिक झाला, आणि एका रविवारी फोनवर म्हणाला, "बाबा, आता तुमचे दोघांचे कागद करतो. इकडंच या कायमचे." फोन ठेवला तेव्हाच तुमच्या डोळ्यांत आखणी सुरू झालेली मी पाहिली.

मी गॅसजवळ उभी होते. विचारलं, "अन् तिकडं आजारी पडलो तर? प्रशांतच म्हणत होता, तिकडं दवाखान्यात पाय ठेवायची सोय नाई. त्याच्या कंपनीच्या विम्यात बायको-पोरगी बसते, आईबाप बसत नाई."

"तेच तर सांगून राह्यलो तुले," तुम्ही म्हणालात, आणि ओट्यावर बोटानं रेघा मारायला लागलात. "सलग पाच वर्षं राह्यलं अन् वय पासष्ट झालं, का तिथल्या सरकारी योजनेत पैसे भरून नाव टाकता येते. मी साठीचा. पाच वर्षं अन् पासष्ट, दोन्ही एकाच टायमाले भरते. पाह्य कसं जुळून आलं!"

"अन् तोवर?"

"तोवर आजारी पडायचं नाई."

मला हसू आलं. तुम्हाला आलं नाही. तेव्हा मला कळलं की तुम्ही थट्टा करत नाही आहात. ही तुमची योजना आहे.

"अन् माझं?" मी विचारलं. मी तुमच्यापेक्षा लहान, माझं वय भरायला अजून अवकाश होता.

"तुझं मग पाहू."

माझी नोकरी संपायला अजून काही वर्षं होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीला शिकवत होते आणि मला ते आवडत होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही हुकूम केला नाहीत, हे मान्य. तुम्ही फक्त रोज जेवताना नातीचं नाव काढत गेलात. मी राजीनामा दिला. शाळेनं शाल-नारळ दिला. तुम्ही भाषणात म्हणालात, बाईंना आता आराम मिळेल. मला आराम नको होता हो.

मग निघायची तयारी. तीही तुमच्या पद्धतीनं. इथला आरोग्य विमा तुम्ही बंद केलात. आता इकडं कोण आजारी पडणार, म्हणालात. मी म्हटलं, चालू राहू द्या, परत यावं लागलं तर? तुम्ही म्हणालात, परतीचा विचार घेऊन निघालेला माणूस पोचत नाही. बोलायला मोठे हुशार होता.

त्यात वर्ध्याचे डॉक्टर. मीच हट्ट करून तुम्हाला नेलं होतं, जायच्या आधी एकदा सगळं तपासून घ्या म्हणून. तुमचा बीपी जुनाच. डॉक्टरांनी ईसीजी काढला, ती पट्टी जरा वेळ पाहत राहिले, आणि म्हणाले, "साहेब, एकदा ट्रेडमिलवर चालवून पाहू. शंका नको." तुम्ही "हो, हो" म्हणालात आणि बाहेर आल्यावर सरळ बस स्टँडकडं चालायला लागलात.

"अहो, ती टेस्ट?"

"शांता, समजून घे. आज टेस्ट केली अन् काही निघालं, तर ते कागदावर येते. कागदावर आलं का ते जुनं दुखणं होते. जुनं दुखणं कोणताच विमावाला घेत नाई. नाई निघालं तर नाई हाय."

"निघालं नाई म्हणून नसते का ते?"

"कागदावर नसते."

हिंगणघाटपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही खिडकीतून कपाशीकडं पाहत होता. त्या दिवशी ती टेस्ट झाली असती तर काय निघालं असतं, हे मला आता नक्की ठाऊक आहे. तिकडच्या डॉक्टरनं चित्र काढून दाखवलं. बुजलेल्या नळ्यांचं. तुम्हाला लगेच समजलं असतं, तुमचाच विषय.

सगळ्यात जास्त राग मला याचाच येतो, की तुम्ही अडाणी नव्हता. तब्येतीला किंमत न देणारे तर मुळीच नव्हता. माझं गर्भाशय काढलं तेव्हा वर्ध्याच्या दवाखान्यात तुम्ही सगळी रजा टाकून बसला होता. माझी लुगडी तुम्ही तिथल्या नळावर धुतलीत. शेजारच्या खाटेवरची बाई तिच्या सुनेला म्हणाली, "इंजिनियर हाय म्हणते तो, पाह्य कसा पिळून राह्यला." डॉक्टर राउंडला आले की तुम्ही उभे राहून एकेक प्रश्न विचारायचात. ही गोळी कशाची, ही का बदलली, टाके कधी काढणार. डॉक्टर वैतागायचे. तुम्ही हटायचे नाहीत. पुढं माझी साखर निघाली तर तुम्ही घरातला गूळच बंद केलात, स्वतःचाही. रोज संध्याकाळी जाम गावाच्या रस्त्यानं मला चालायला न्यायचात आणि मी मागं पडले की थांबून म्हणायचात, "चाल, चाल, म्हातारपण लंबं हाय." ते मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर रागावणं सोपं गेलं असतं. माझ्यासाठी डॉक्टरांशी भांडणारा माणूस स्वतःच्या छातीसाठी एक प्रश्न विचारू शकला नाही. का हो?

न्यू जर्सीत तुम्ही निरोगी राहण्याची नोकरीच धरलीत. सकाळी प्रशांत तुम्हाला मॉलशी सोडायचा, दुकानं उघडायच्या आत तुम्ही तिथल्या गुळगुळीत फरशीवर फेऱ्या मारायचात. बाहेर बर्फ असला की मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायचे नाहीत. घसरली अन् हाड मोडलं तर? कारल्याचा रस दोघांना. सर्दी झालेल्या नातीला जवळ घ्यायचं नाही. ती पोरगी "आजी" म्हणत हात पसरून यायची आणि तुम्ही मधे उभे. माझी दाढ दुखायला लागली तेव्हा लवंग, मग लवंगेचं तेल, मग मिठाचं पाणी. गाल सुजला तरी तुम्ही म्हणालात, उतरेल. शेवटी मीनलनं, आपल्या सुनेनं, तुमचं न ऐकता मला गाडीत घातलं. तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "दातानं कोणी मरत नाई." तिनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. गाडी सुरू केली.

पहिल्या वर्षी एक लहानसा विमा घेतला होता तुम्ही. अटी वाचून वाचून दुसऱ्या वर्षी तोही सोडलात. यात आपलं काहीच बसत नाही, म्हणालात. गोळ्या इकडून यायच्या. नागपूरहून कुणी तिकडं निघालं की विलासभाऊ त्यांच्या हाती पुडकं द्यायचे. तुम्ही डायनिंग टेबलवर ते उघडून माझ्या वेगळ्या, तुमच्या वेगळ्या करायचात. माझ्या सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या एकही दिवस चुकू दिल्या नाहीत. हातावर ठेवून पाणी घेईपर्यंत उभे राहायचात.

आणि मग त्या तळघराच्या पायऱ्या. कपडे धुवायचं मशीन खाली होतं. तुम्ही टोपली घेऊन वर येत होता, मी वरच्या दारात उभी होते. मधल्या पायरीवर तुम्ही थांबलात. टोपली खाली ठेवलीत. डावा हात काखेत दाबून धरलात आणि भिंतीला टेकलात. ओल्या मातीवरच्या रेघा कुणी हातानं पुसून टाकाव्यात, तसा चेहरा झाला होता.

"काय झालं?"

"काही नाई. पायाले मुंग्या आल्या."

"पायाले मुंग्या आल्या अन् हात काऊन धरला?"

तुम्ही टोपली उचललीत आणि हसलात. त्यानंतर मी पाहत राहिले. मॉलच्या फेऱ्या कमी झाल्या. जेवण झालं की तुम्ही खुर्चीत निमूट बसायचात, कपाळावर घाम, बाहेर बर्फ. बोलायला लागले की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचात.

मी किती दिवस गप्प बसणार? सगळे जेवायला बसलो होतो. मी ताटावरून हात काढला आणि सांगितलं, "प्रशांत, तुझ्या बाबांच्या छातीत दुखते. जिना चढताना थांबतात ते. दवाखान्यात घेऊन जा."

प्रशांतचा घास हातातच राहिला. "बाबा?"

तुम्ही आधी माझ्याकडं पाहिलंत. मग मोठ्यानं हसलात. ते हसणं मला अजून ऐकू येतं. "अरे, तुझ्या आईले समुद्रपूर आठवून राह्यलं. इकडं तिले करमत नाई. माझी छाती म्हणजे तिकिटाचं निमित्त. मी तर रोज मॉलला चार चकरा मारतो. विचार तिले, मारतो का नाई."

प्रशांत माझ्याकडं वळला. त्याच्या चेहऱ्यावर आधीची भीती नव्हती. कंटाळा होता. "आई, परत जावंसं वाटत असेल तर सरळ सांग ना. असं बाबांच्या तब्येतीचं कशाला काढतेस? मी इथं घाबरलो ना."

मी म्हटलं, मी खोटं बोलत नाही. तुम्ही भाजी वाढून घेत म्हणालात, "बरं बाबा, नाई बोलून राह्यली." आणि प्रशांतकडं पाहून डोळा मिचकावलात.

त्या डोळ्यासाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही. छाती तुमची होती, लपवायची तर लपवायची. पण मला माझ्याच पोरासमोर रडकी, हट्टी, बहाणेबाज म्हातारी करून टाकायचं? त्यानंतर त्या घरात मी काही बोलले की दोघं एकमेकांकडं पाहायचे. मीनलचं तिच्या आईशी फोनवरचं बोलणं मी ऐकलं, आईंना इकडं जड जातंय, म्हणाली. मुलांना काय दोष देऊ? त्यांनी त्यांच्या बापावर विश्वास ठेवला. तो विश्वास ठेवण्यासारखाच माणूस होता, हे मीच त्यांना लहानपणापासून शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आपण दोघंच होतो. मी तुमच्या समोरची टीव्ही बंद केली.

"काऊन असं केलं?"

"पाच वर्षं भरत आली, शांता. थोडंसं राह्यलं. मग पाह्यजो, सगळ्या टेस्ट करतो. तू म्हणशील त्या."

"अन् तोवर काही झालं तर?"

"नाई होत."

"पोराले सांगायला काय जाते? तो काय नाई म्हणणार हाय?"

तेव्हा तुम्ही चिडलात. "तेच तर! नाई म्हणणार नाई तो. घर विकन, कर्ज काढन. त्याच्या पोरीचं काय? मी त्याच्या मानेवर बसायला आलो काय इकडं?"

"मग इकडं लोकं काय करतात गरीब? काही सोय असंलच ना. विचारा कोणाले."

तुमचा आवाज एकदम खाली गेला. "मी विचारणार नाई. मागायला जाणार नाई मी. माझा बाप पाटलाच्या खळ्यावर धोतराचा सोगा पसरून उभा राह्यचा. मी पाह्यलं हाय ते. त्या दिवशी ठरवलं, कोणापुढं हात नाई पसरायचा."

हे तुम्ही मला लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सांगितलं होतं, तेव्हा मी रडले होते. आणि त्याच बळावर तुम्ही शिकलात, इंजिनियर झालात, याचा मला अभिमान होता. पण त्या दुपारी मला जे सुचलं ते मी बोलून टाकलं. "त्यांनी हात पसरला म्हणूनच तुम्ही जगले ना?"

तुम्ही रिमोट उचललात. टीव्ही लावलीत. आपलं खरं बोलणं तिथंच संपलं. त्यानंतर जे बोललो ते भाजी, हवा आणि नात.

मग तो दिवस. सकाळची वेळ. प्रशांत-मीनल कामावर, पोरगी शाळेत. तुम्ही ओट्याशी कारली चिरत होता. सुरी खाली पडली, मी वळले तर तुम्ही जमिनीवर बसलेले. ओठ काळपट. मी फोनकडं धावले. तुम्ही माझा पाय धरलात. माझ्या पायाला हात लावलात तुम्ही, जन्मात पहिल्यांदा. "नको लावू. प्रशांतले येऊ दे. ॲम्ब्युलन्स नको बोलावू, शांता, लई बिल करते ते."

"सोडा," मी म्हटलं. तुम्ही सोडेनात. मी पाय हिसकावून घेतला. फोन उचलला, नऊ-एक-एक लावला. नातीनं पाठ करून घेतलेला पत्ता मी इंग्रजीत सांगितला. "माय हजबंड. चेस्ट. कम फास्ट." पलीकडची बाई काहीबाही विचारत होती, मी तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. ते लोक आले तेव्हा तुम्ही त्यांना हातानं नको-नको करत होता. त्यांनी ऐकलं नाही. मला बरं वाटलं, कुणीतरी तुमचं ऐकत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरनं प्रशांतला विचारलं, यांना हा त्रास कधीपासून? प्रशांतनं तुम्हाला मराठीत विचारलं. तुम्ही छताकडं पाहत होता. त्यानं पुन्हा विचारलं, "बाबा, कधीपासून?" तुम्ही डोळे मिटलेत.

मग मी सांगितलं. पायऱ्यांचं, घामाचं, जेवणानंतरच्या खुर्चीचं. प्रशांत माझं बोलणं डॉक्टरला इंग्रजीत सांगत गेला. तो माझ्याकडं वळून म्हणाला, "आई, तू सांगितलं होतंस." मी तुमच्याकडं पाहत होते. तुम्ही फक्त एवढं म्हणायचं होतं, की हो, तिनं खरंच सांगितलं होतं. पुष्कळ वेळ होता. त्या दिवशी होता, दुसऱ्या दिवशीही होता. तुम्ही बोलू शकत होता, कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही बोललात. मी उशाशी बसले होते, तुम्ही नळ्यांमधून मान वळवलीत आणि विचारलंत, "तुझी गोळी घेतली?"

मी "हो" म्हटलं. घेतली नव्हती. तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं हे. त्यावर रडू की चिडू, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. एक दिवस हे, एक दिवस ते.

तिसऱ्या दिवशी तुम्ही बेशुद्धीत असताना एक बाई आली, दवाखान्याचीच. जाड, हसरी, गळ्यात ओळखपत्र. ज्यांचा विमा नाही अशा घरांना भेटायचं हेच तिचं काम. प्रशांतला तिनं बसवून समजावलं. बिल माफ होण्याची सोय आहे, अर्ज करा. मग तिनं सहज विचारलं, हे आधी गावातल्या केंद्रात का आले नाहीत? तिथं विमा नसलेल्यांना तपासतात, ऐपतीप्रमाणं पैसे घेतात. बीपीची गोळीसुद्धा देतात. कुठं आहे ते, प्रशांतनं विचारलं. तिनं रस्त्याचं नाव सांगितलं. तुमच्या मॉलच्या मागचा रस्ता. ज्या मॉलमध्ये तुम्ही रोज निरोगी राहायला जात होता.

प्रशांतलाही ठाऊक नव्हतं. त्यानं विचारलं नव्हतं, कारण बाप म्हणत होता की बाप बरा आहे.

तुम्ही गेल्यावर मी तुमचं सामान आवरलं. गोळ्यांच्या डब्यात तुमच्या बीपीच्या गोळ्या होत्या, सगळ्या सुरीनं अर्ध्या केलेल्या. विलासभाऊंना फोन करून विचारलं तेव्हा कळलं, वर्षभरापासून तुम्ही त्यांना सांगत होता की येणाऱ्याच्या बॅगेत जागा कमी असते, शांताच्या पूर्ण पाठव, माझ्या निम्म्या चालतील. हे ऐकून ते फोनवर रडले. दादा म्हणजे देवमाणूस, म्हणाले. मी रडले नाही. मी मागितलं होतं का हे? माझ्यासाठी अर्धी गोळी खाऊन मला सबंध वैधव्य देणाऱ्याचे आभार कसे मानायचे, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

तुमची रक्षा घेऊन मी समुद्रपूरला आले. परत जाणार नाही, असं प्रशांतला विमानतळावरच सांगितलं. या वेळी त्यानं निमित्त म्हटलं नाही.

विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्रिशरण, पंचशील झालं. मग भाषणं. खात्यातले लोक, शाळेतले लोक, तुम्ही ज्यांच्या पोरांच्या फिया भरल्यात ते लोक. सगळं खरं होतं. शेवटी विलासभाऊ उभे राहिले आणि म्हणाले, दादानं तब्येत कशी जपावी ते दाखवून दिलं, पण नशिबापुढं कोणाचं चालते?

मी उठले. बायका पदर ओढायला लागल्या, बसा बाई, बसा. मी माईकशी गेले. चौथीच्या वर्गाला सांगायचे तसं सावकाश सांगितलं. "मेश्राम साहेब नशिबानं गेले नाई. त्यांच्या छातीत दुखत होतं. त्यांनी पोरापासून लपवलं. मी सांगितलं तर मले खोटं ठरवलं. ज्यांची पोरं बाहेरदेशी आहेत, अन् जे जाऊन राह्यले, त्यांनी पहिले टेस्ट करून घ्या. जे निघन ते निघन. पोराले सांगा. तिकडं विमा नसन तर कुठं तपासतात ते विचारा. विचारण्यात लाज नाई. अन् इकडचा विमा बंद नका करू." एवढंच. खाली बसले तेव्हा विहारात पंख्याचा आवाज येत होता. विलासभाऊ जेवायला थांबले नाहीत. अजून माझ्याशी बोलत नाहीत. दादाची अब्रू काढली, असं गल्लीत म्हणतात म्हणे. म्हणोत.

काल सकाळी रामटेके गुरुजी आले. माझ्याच शाळेतले, माझ्या आधी निवृत्त झालेले. तुम्ही त्यांच्याशी बुद्धिबळ खेळायचात. पुढच्या महिन्यात ते लेकीकडं कॅनडाला निघालेत, कायमचे. मी चहा ठेवला. ते ओट्याजवळच्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

"बाई, मलेही होते," ते म्हणाले.

"काय होते?"

"जिना चढलो का इथं दाबल्यासारखं. पोळ्यापासून. पोरीले नाई सांगितलं. ती घाबरते."

मी गॅस बारीक केला. फोन उचलून त्यांच्या हाती दिला. "लावा."

"आता? तिकडं आता..."

"किती का वाजेना. लावा."

ते नंबर सांगत गेले, मी फिरवला. पलीकडं लेक आली. गुरुजी दोनदा खाकरले. तिची ख्यालीखुशाली विचारली, हवा विचारली. मी समोरून हललेच नाही. मग ते म्हणाले, "पोरी, ऐक. मले बरं वाटत नाई." आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडची पोरगी रडत होती, ओरडत होती, बाबा, तुम्ही आजच्या आज वर्ध्याला जा, मी तिकीट पुढं ढकलते, असं काहीतरी. गुरुजी नुसते "हो... हो..." करत होते आणि त्यांचे खांदे हळूहळू खाली येत होते, डोक्यावरचा भारा उतरवावा तसे.

मला वाटलं होतं, हे पाहून माझा राग थोडा निवेल. निवला नाही. उलट अंगभर चढला. चहाला अजून उकळीही आली नव्हती आणि त्यांचं सांगून झालं होतं. एवढंसंच होतं हो ते.